दारू भिजू नये म्हणून

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी एखादा निवृत्त अभियंता टर्बाइनवर लिहितो. ते वाचून माझी छाती अभिमानाने भरून येते आणि समजत काहीच नाही. यंदा संपादकांनी मला विचारलं, "तुम्ही कारखान्यात नेमकं काय करत होतात हो?" मी म्हटलं, "बंदुका कोरड्या ठेवत होतो." त्यांना वाटलं, मी विनोद करतोय. माझ्या सासऱ्यांनाही तसंच वाटलं होतं. तरी त्यांनी मुलगी दिली, कारण नोकरी सरकारी होती.

मी दर्यापूरचा. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, बी.एस्सी., रसायनशास्त्र, दुसरा वर्ग. पत्र्याची ट्रंक घेऊन भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर उतरलो तेव्हा वाटलं होतं, एवढा मोठा कारखाना आहे, तर प्रयोगशाळा असेलच. ती होती, पण तिच्यात जागा नव्हती. मला सुरक्षा विभागात सहायक म्हणून घेतलं. तिथले अधिकारी राठौरसाहेब. त्यांनी माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "केमिस्ट्री? उसमें गनपावडर आता है?"

"आता है सर," मी प्रामाणिकपणे म्हटलं. "एक धडा है."

"तो बंदूकें आपकी."

एका धड्याच्या भांडवलावर मी बत्तीस वर्षं पगार घेतला. त्याबद्दल मी देशाचा खरोखर ऋणी आहे.

बंदुका नऊ होत्या, सगळ्या ठासणीच्या. वसाहत वसली तेव्हा कुंपणापलीकडे जंगल होतं आणि रानडुकरं थेट साहेबांच्या गुलाबात येत. त्यासाठी कुणीतरी दूरदृष्टीने त्या घेतल्या. पुढे जंगल गेलं, डुकरं गेली, फाटकावर नव्या रायफली घेतलेले जवान आले. पण सरकारी वस्तू म्हातारी झाली म्हणून मरत नाही. या नऊ बंदुकांना वर्षातून दोन दिवस काम मिळालं: सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट. झेंडा वर गेला की एकामागोमाग नऊ बार. जानेवारीचं काही वाटत नसे. ऑगस्टात मात्र आम्ही आठवडाभर आधीपासून आभाळाकडे बघत असू.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला मागून काडतूस घालायची सोय नसते. सगळं तोंडातून. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा आणि लोखंडी गजाने तो ठासायचा. सलामीला छर्रे नसतात, नुसता आवाज. नळीच्या मागच्या टोकाला एक पोकळ बोंडी असते. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून आत जाते आणि दारू पेटते. म्हणजे नळी, बोंडी, टोपी आणि दारू एवढं सगळं कोरडं हवं. पंधरा ऑगस्टला भोपाळात कोरडी असतात ती फक्त भाषणं.

ही टोपीही मिळायला सोपी नव्हती. माझ्या आधी कुणीतरी भांडाराकडे 'टोपी, नग दोनशे' अशी मागणी केली होती आणि भांडाराने दोनशे खाकी टोप्या पाठवल्या होत्या. एका शब्दाने किती घोटाळा होतो, याचा धडा मी त्यावरून घ्यायला हवा होता. पण मी पदवीधर होतो.

हे काम ज्यांना खरोखर येत होतं ते गनमन मुन्ने खाँ. बुटके, शिडशिडीत, मेंदी लावलेली दाढी. वडील जुन्या शिकाऱ्यांच्या बंदुका भरून देत, त्यांच्याकडून हे शिकलेले. पाच वेळची नमाज, पान नाही, तंबाखू नाही. मी गेलो त्या पहिल्या पावसात त्यांनी मला समोर बसवलं.

"बाबू, बारिश बंदूक को नहीं मारती. आपका तेल मारता है."

गंजू नये म्हणून पावसाळ्यात सगळे बंदुकीला भरपूर तेल देतात. ते तेल झिरपत बोंडीत उतरतं आणि बसतं. म्हणून भरण्याआधी चिंधीने नळी कोरडी करायची, मग दारू न घालता नुसत्या दोन टोप्या फोडायच्या, म्हणजे बोंडीतलं उरलंसुरलं तेल जळून वाट मोकळी होते. टोपी बसवल्यावर तिच्या कडेने मधमाशीचं मेण. घोड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. नळीच्या तोंडावर मेणकापड, आणि बार व्हायच्या क्षणापर्यंत तोंड जमिनीकडे. एक बार झाला की आतली काजळी हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून पुन्हा कोरडी चिंधी. माझ्या पुस्तकात यातलं एक वाक्य नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची दारू. मुन्ने खाँ तिला 'मसाला' म्हणत. एका बारापुरता मसाला मोजून बांबूच्या बोटभर नळीत भरायचा, मेणाने बुच लावायचं, आणि अशा नऊ नळ्या कापडी पट्ट्यात ओवून सकाळपासून सदऱ्याखाली अंगाला बांधायच्या. "बदन से अच्छा गोदाम सरकार नहीं बना सकती," असं ते म्हणत.

सरकारला हे कुठूनतरी कळलं असावं. माझ्या पहिल्याच ऑगस्टात परिपत्रक आलं की सर्व सामग्री शेवटच्या क्षणापर्यंत भांडारातच राहील. भांडाराला खिडकी नव्हती, गळकं छप्पर मात्र होतं. झेंडा वर गेला, मोठे साहेब छातीवर हात ठेवून उभे राहिले आणि नऊपैकी पाच बंदुकांनी नुसतं 'खट्' केलं. सहाव्यापासून पोरं मैदानाबाहेरून मोजू लागली: "फुस्स! फुस्स!"

'कारण और उपाय' विचारणारी फाईल निघाली. ती इमारतीतल्या सगळ्या टेबलांना भेटून पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे पोचली. टिप्पणी हिंदीतच लिहायची, असा नियम होता. माझी हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेली. तरी नोकरीत कायम होण्यासाठी 'हिन्दी का कार्यसाधक ज्ञान है' असं मी लिहून दिलं होतं, आणि माझी ती फाईल त्याच पावसाळ्यात निघणार होती. म्हणून मी जीव ओतून लिहिलं. 'मसाला' हा शब्द स्वयंपाकघरातला वाटला. तो काढून मी आपला चांगला, शिवकाळापासून चालत आलेला शब्द घातला:

"विगत समारोह में वर्षा के कारण दारू गीली हो गई, जिससे गनमैन असफल रहे. अनुभवी गनमैन मुन्ने खाँ तीस वर्षों से दारू शरीर से लगाकर रखते आए हैं, जिससे वह गरम रहती है और समय पर असर करती है. अतः समारोह के दिन उन्हें प्रातःकाल से दारू साथ रखने की अनुमति दी जाए."

मराठी माणसाला यात वावगं काय दिसणार? आपल्याकडे बंदुकीत घालतात तीही दारू आणि बाटलीत भरतात तीही दारू. हिंदीने मात्र हे दोन संसार वेगळे थाटलेले आहेत. तिथे बंदुकीची ती बारूद, आणि दारू म्हणजे फक्त ती.

तरीही प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. पण टिप्पणी आधी हिंदी अधिकारी मिश्राजींकडे गेली. भाषा शुद्ध करणं हे त्यांचं काम होतं, आणि काम करणारा माणूस सरकारी कचेरीत किती घातक ठरतो ते मला तेव्हा कळलं. 'दारू' हा शब्द त्यांना असभ्य वाटला. त्यांनी तिन्ही ठिकाणी लाल शाईने 'मदिरा' केलं.

मदिरा पावसाने ओली होते, हे वाक्य पुढे चार अधिकाऱ्यांनी सह्या करून पास केलं. एकालाही प्रश्न पडला नाही.

चौकशी कार्मिक विभागाच्या सक्सेनासाहेबांकडे आली. साहेब अत्यंत सोवळे. तो शब्द तोंडाने उच्चारायलाही तयार नव्हते. जबाब लिहून घ्यायला मला बसवलं होतं. समोर मुन्ने खाँ उभे होते, धुतलेला गणवेश घालून. परवानगीचं विचारायला बोलावलं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

"तो वह वस्तु आप शरीर से लगाकर रखते हैं?"

"जी हुजूर. कमीज के नीचे."

"कब से?"

"बचपन से. अब्बा ने आदत डाली."

सक्सेनासाहेबांनी चष्मा काढला. "पिता ने?"

"जी. कहते थे, बरसात में इसके बिना घर से मत निकलना."

"एक बार में कितनी?"

"तीन माशे. ज्यादा हो तो धक्का देती है."

"घर में किसी ने कभी रोका नहीं?"

"रोका तो नहीं, हुजूर. बीवी बस इतना कहती है कि चूल्हे के पास मत आओ."

इथे माझी लेखणी थांबली. 'चूल्हा' हा शब्द लिहिला आणि सगळं एकदम लख्ख दिसलं: माझा शब्द, मिश्राजींची लाल शाई, साहेबांचा लालबुंद चेहरा.

"और मिलती कहाँ से है?"

"कारखाना ही देता है, हुजूर," मुन्ने खाँ अदबीने म्हणाले.

"बस!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "लिखिए वानखेडे, जाँच के समय भी होश में नहीं थे."

मी लिहिलं.

एवढंच वाक्य पुरेसं आहे, पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. साहेबांच्या डाव्या हाताला कायम करायच्या फायलींचा गठ्ठा होता. वरून तिसरी माझी. 'साहेब, मला हिंदी येत नाही' असं तिथे म्हणणं म्हणजे त्या फाईलवर स्वतःच्या हाताने पाणी ओतणं. वडिलांनी मालकाच्या मुनीमजीकडून पत्र लिहून घेतलं होतं: पक्का झालास की कळव, पेढे वाटायचे आहेत. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. त्या 'उद्या'चे अकरा दिवस झाले.

मुन्ने खाँना बंदुकांवरून काढून सायकल स्टँडवर बसवलं. पंधरा ऑगस्टची जबाबदारी पदवीधराकडे आली. मी नऊ बंदुका भरल्या, ओल्या हवेत तासभर ठेवल्या आणि चाचणी घेतली. पहिल्या तिन्ही फुस्स. उरलेल्या सहांना हात लावायचा धीर झाला नाही. शेवटी मी सायकल स्टँडवर गेलो. माफी मागायला गेलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी गेलो मेणाचं विचारायला.

"मुन्ने खाँ, टोपी पे मोम लगाया, फिर भी फुस्स."

"पिघलाके डाला होगा."

"हाँ."

"तो अंदर उतर गया, रास्ता बंद. मोम उँगली पे नरम करके लगाते हैं, बाबू. रोटी पे घी नहीं डाल रहे हो."

मी निघालो, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"बाबू, आप पढ़े-लिखे हो, एक बात बताओ. मेरे कागज में लिखा क्या है? बाजार में लड़के मुझे देखके झूमते हैं. चलो, लड़के हैं. मगर जुमे को मेरे दाएँ-बाएँ एक-एक आदमी की जगह खाली रहती है. नमाज में कंधे से कंधा लगता है, जगह छोड़ते नहीं हैं. मेरे पास छोड़ रहे हैं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बंदूक का उडली नाही हे शोधतात, तसं ते शोधत होते.

त्या दुपारी मी शुद्धिपत्र लिहिलं. त्यात म्हटलं: माझ्या टिप्पणीत दारू म्हणजे बारूद; मराठीत बारूदला दारू म्हणतात; मला हिंदी कमी येते; चूक माझी आहे, मुन्ने खाँची नाही. चौकशीच्या खोलीतच मला हे कळलं होतं, ते मात्र लिहिलं नाही.

राठौरसाहेब वाचून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मिश्राजी म्हणाले, "दारू का शुद्ध रूप मदिरा ही है. मेरी ओर से कोई त्रुटि नहीं." सक्सेनासाहेब हसले नाहीत. टिप्पणी चुकू शकते, शब्द चुकू शकतो, सहायक तर चुकतोच. पण झालेली चौकशी चुकीची कशी असेल? दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. पंधरा ऑगस्टला मुन्ने खाँनी 'ती वस्तू' नेहमीप्रमाणे अंगाला बांधून आणावी आणि बंदुका भराव्यात. नऊच्या नऊ उडाल्या तर ती बारूद होती असं सिद्ध होईल आणि प्रकरण मिटेल. एक जरी उडाली नाही, तर चौकशीचा निष्कर्ष कायम.

प्रयोग, निरीक्षण, अनुमान. विज्ञानाच्या पदवीधराने तक्रार करावी असं यात काही नव्हतं. फक्त परीक्षानळीत एका माणसाची अब्रू होती.

पंधरा ऑगस्टला पहाटेपासून धो धो पाऊस. मैदानावर ताडपत्री बांधली होती, तिच्यातूनही धार लागलेली. मुन्ने खाँनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक बंदूक मांडीवर आडवी घेऊन पुसली, दोन-दोन टोप्या फोडल्या, सदऱ्याखालून बांबूची नळी काढून दारू ओतली, बोळा ठासला, बोटावर मळलेलं मेण टोपीच्या कडेने फिरवलं. गर्दी छत्र्या घेऊन आली होती. झेंडा बघायला किती आणि मुन्ने खाँ पडतात का ते बघायला किती, सांगता येणार नाही.

पहिले सहा बार खणखणीत झाले. सातव्या बंदुकीचा घोडा पडला: खट्.

मागून कुणीतरी "फुस्स" म्हणायला तोंड उघडलं. ज्या जवानाच्या हातात ती होती त्याने ती खाली घ्यायला सुरुवात केली.

"ऊपर!" मुन्ने खाँ ओरडले. तीस वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नसेल. "हिलना मत!"

ठिणगी दमट बोंडीत अडकली की कधीकधी रेंगाळते. अशा वेळी नळीत डोकावणारा माणूस परत घरी जात नाही. आम्ही थांबलो. मी सक्सेनासाहेबांकडे बघत होतो. साहेब कागदाकडे बघत होते. मग सातवीने बार काढला, जरा उशिरा, पण काढला. पाठोपाठ आठवी आणि नववी.

मोठ्या साहेबांनी मान डोलावली. सक्सेनासाहेबांनी पेनाचं टोपण उघडलं.

चार दिवसांनी फलकावर आदेश लागला. खाली लिहिलं होतं की जाँच में वस्तु बारूद पाई गई, प्रकरण समाप्त. वर ठळक अक्षरांत विषय होता: 'गनमैन मुन्ने खाँ द्वारा ड्यूटी पर मदिरा रखने के सम्बन्ध में'. लोक चहाला जाता जाता विषय वाचत आणि पुढे जात. मी सक्सेनासाहेबांना म्हटलं, विषय बदलता येईल का? ते म्हणाले, "विषय तो फाईल का होता है, वानखेडे. आदमी का नहीं."

त्याच आठवड्यात मी नोकरीत कायम झालो. पत्रात लिहिलं होतं, 'हिन्दी का ज्ञान: उत्तम'. माझं शुद्धिपत्र बंदुकांच्या फाईलमध्ये होतं. ते या फाईलपर्यंत चालत कसं येणार? ज्या भीतीपायी मी अकरा दिवस गप्प बसलो, तिला एक टाचणीचाही आधार नव्हता. दर्यापूरला पेढे वाटले गेले.

मुन्ने खाँ माझ्या टेबलाशी आले. "कागज लोग ऊपर-ऊपर से पढ़ते हैं, बाबू. जुमे को आप चलिए."

शुक्रवारी नमाज सुटली तेव्हा मी मशिदीच्या पायऱ्यांवर छत्री मिटून उभा होतो. मुन्ने खाँ म्हणाले, "जरा ठहरो भाई लोग, ये हमारे दफ्तर के बाबू हैं." पन्नासेक माणसं थांबली. मी घरून पाठ करून आलो होतो ते सगळं विसरलो आणि मराठीला 'है' लावत सांगितलं: मी कागद लिहिला. त्यात दारू लिहिलं. आमच्या मराठीत बारूदला दारू म्हणतात. मुन्ने खाँनी आयुष्यात थेंबाला हात लावलेला नाही. गलती मेरी है.

मग पुढे उभे असलेले एक वयस्कर हकीम कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "एक मिनट, बाबू. बारूद को दारू कहते हो, ठीक. तो फिर शराब को क्या कहते हो?"

"जी," मी म्हटलं, "दारू."

"लाहौल विला! तो मालूम कैसे पड़ता है कि कौन-सी माँगी?"

"दुकान देखके," मी म्हटलं.

पायऱ्यांवर हशा फुटला. दोघं-तिघं एकमेकांना धरून हसले. हकीमजी मुन्ने खाँच्या पाठीवर थापट्या मारत खास भोपाळी हाक घालून म्हणाले, "को खाँ, तीस साल से बगल में मराठी दारू दबाए घूम रहे हो और हमें पूछा तक नहीं!" अन् पुन्हा हशा.

मुन्ने खाँ पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. मी खाली वाकलो, तेव्हा त्यांनी वर न बघता हळूच विचारलं, "उस दिन साहब के कमरे में... आप समझ गए थे?"

वर हसणं चालूच होतं. नाही म्हणणं फार सोपं होतं.

"जी," मी म्हटलं. "चूल्हे वाली बात पे."

त्यांनी नाडीची गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा मारली.

"को खाँ, चलो," हकीमजींनी वरून हाक दिली. "बहुत दिन हुए, आज चाय तुम्हारे घर."

ते उठले. हकीमजींनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या बाजूने आणखी एक जण आला, आणि ते तिघं गल्लीतून खांद्याला खांदा लावून गेले. पायऱ्यांवरच्या लोकांना मी अर्धीच चूक सांगितली होती. उरलेली अर्धी फक्त मुन्ने खाँना माहीत होती. ते आणखी दोन वर्षं नोकरीत होते, माझ्यासमोर बसून बंदुका पुसत होते, आणि त्यांनी ती कुणालाही सांगितली नाही.